आधी ब्रेक, मग इंजिन : जुना ट्रक स्वतः उभा करण्याच्या प्रश्नाचा आढावा

जुन्या मोटारींचं आपल्याकडे कौतुक होतं. त्यांच्या मिरवणुका निघतात, त्यांना बक्षिसं मिळतात, वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून येतात. ज्या ट्रकांनी स्वातंत्र्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत ऊस, कापूस, सिमेंट, धरणांचं लोखंड आणि दुष्काळातलं धान्य वाहून नेलं, त्यांच्या वाट्याला मात्र गॅसकटर आला. अलीकडे चित्र थोडं बदलतं आहे. आजोबांचा ट्रक शेतात चिंचेखाली उभा आहे, तो चालू करावा असं वाटणारी नातवंडं भेटू लागली आहेत. त्यांत इंजिनिअर आहेत, शेतकरी आहेत, नोकरीतून निवृत्त झालेलेही आहेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : हे काम घरच्या घरी जमेल का?

जमेल. काही बाबतीत ट्रक मोटारीपेक्षा सोपा आहे. त्याला जागा भरपूर, त्याचे भाग मोठे आणि सुटे, आणि तो मुळात रस्त्याच्या कडेला दुरुस्त करता यावा याच बेताने घडवलेला. अडचण कौशल्यापेक्षा क्रमाची आहे. बहुतेक जण इंजिनपासून सुरुवात करतात, कारण इंजिन एकदा फुरफुरलं की जीव सुखावतो. काही जण तर रंगापासूनच सुरू करतात. माझ्या मते दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. रिकामा असतानाही चार-पाच टनांचं हे धूड आधी थांबलं पाहिजे, मग वळलं पाहिजे, आणि त्यानंतर चाललं पाहिजे.

आपल्याकडे हाती लागणारे जुने ट्रक मोजक्या घराण्यांचे आहेत. जमशेदपूरच्या टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आले. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरची तीन टोकांची चांदणी गेली आणि तिथे टाटांचा ‘टी’ आला. आतली यंत्रणा बरीचशी तीच राहिली. टाटाच्या १२१० या मॉडेलचा आकडा मर्सिडीजच्या पद्धतीचा आहे : भरल्या गाडीचं वजन बारा टनांच्या आसपास आणि ताकद शंभर अश्वशक्तीच्या घरात. मद्रासकडे १९४८ मध्ये अशोक मोटर्स निघाली, १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली आणि तिचा कॉमेट दक्षिणेत घरोघरी ठाऊक झाला. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, फार्गो आणि डिसोटो निघाले. त्यांतल्या कित्येकांची पेट्रोल इंजिनं पुढे काढली गेली आणि जागी सिम्प्सनचं पर्किन्स पी-६ डिझेल बसलं. हिंदुस्तान मोटर्सचे बेडफर्ड होते. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातला, जर्मन मान कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान होता आणि तो लिलावातून नागरी हातांत येत राहिला.

कोणत्या घराण्याचा ट्रक आहे, हे पहिल्यांदा पान्याला समजतं. टाटा-मर्सिडीजचे आटे मिलिमीटरचे, लेलँड आणि पर्किन्सचे इंचाचे, आणि इंचातही ब्रिटिश वेगळे, अमेरिकन वेगळे. त्यावर चाळीस वर्षांत पन्नास मेस्त्र्यांचे हात फिरलेले असतात, त्यामुळे एकाच हाऊसिंगवर तीन जातींचे बोल्ट सापडतात. जबरदस्तीने बसवलेला बोल्ट काढताना आटे घेऊनच बाहेर येतो. म्हणून आटे मोजण्याची कंगव्यासारखी पट्टी ही या कामातली पहिली खरेदी असावी. लेलँड, बेडफर्ड, डॉज यांच्या डाव्या चाकांचे नट पुष्कळदा डाव्या आट्याचे असतात. हे ज्याला माहीत नाही तो लांब पाइप लावून नट सोडवतो आहे असं समजत आणखी आवळत जातो आणि शेवटी स्टड तोडतो.

आता मूळ रूपाचा प्रश्न, कारण परदेशी पुस्तकं वाचून आलेले लोक इथेच अडकतात. तिकडे ट्रक कारखान्यातून केबिनसकट निघायचा. आपल्याकडे गिऱ्हाईक चेसिस घ्यायचं; तिच्यावर इंजिन, बॉनेट, फार तर पुढची काच एवढंच असायचं. केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार-लोहार बांधायचे, सागाच्या, सालाच्या किंवा बाभळीच्या लाकडावर पत्रा ठोकून. त्यामुळे भारतीय ट्रकच्या अंगाचा कारखान्यातला नमुना बहुधा अस्तित्वातच नाही. ज्या गावात तो बांधला गेला त्या गावाची पद्धत हेच त्याचं मूळ रूप. फाळक्यांच्या बिजागऱ्या, केबिनवरचा कॅरिअर, ड्रायव्हरच्या मागची झोपायची फळी यांचे फोटो काढून, मापं घेऊन मगच कुजलेलं लाकूड उतरवावं. जर्मन माहितीपत्रकातलं केबिन बघून नवं बांधणं म्हणजे जे कधी नव्हतंच ते उभं करणं. तसंच इंजिनचं. डॉजमध्ये साठच्या दशकात पर्किन्स बसलं असेल तर तोही त्या ट्रकचा इतिहास आहे. तो उपटून साइड-व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन शोधत फिरण्यात मला अर्थ दिसत नाही.

खोलायला घेण्यापूर्वी चेसिस तपासावी. हातोडी आणि तारेचा ब्रश घेऊन दोन्ही लांब बीम टोकापासून टोकापर्यंत घासावेत. कमानपाट्यांचे हँगर जिथे रिव्हेटने धरलेले असतात तिथे, केबिनच्या मागच्या वळणापाशी आणि हौद्याच्या यू-बोल्टांखाली तडे निघतात. आपल्याकडे बारा टनांच्या गाडीत किती टन भरले जायचे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या ओझ्याची खूण चेसिसवर राहते. जुन्या तड्यावर नुसती पट्टी वेल्ड केलेली असेल तर तिच्या कडेने नवा तडा गेलेला सापडतो. चेसिस कर्णात मोजावी. दोन कर्णांत फरक निघाला तर गाडी वाकडी आहे. वाकडी चेसिस सरळ करणं हे घरचं काम नव्हे.

ब्रेकपाशी मात्र थांबून बोललं पाहिजे. पंधरा-वीस वर्षं उभ्या राहिलेल्या ट्रकच्या हायड्रॉलिक ब्रेकमधलं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि चाकातल्या सिलिंडरला आतून गंज चढून खड्डे पडतात. रबराचं किट नवं टाकलं तरी खड्ड्यांवरून ते फाटतं, म्हणून सिलिंडरच बदलावा किंवा आत स्लीव्ह बसवून घ्यावी. लोखंडी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि क्लिपखाली कागदासारख्या झालेल्या असतात. त्या सगळ्या बदलाव्यात, कारण त्यांचा खर्च तुलनेने किरकोळ आहे. ब्रेकच्या तेलात कुणी कधी इंजिन ऑइल किंवा डिझेल घातलेलं असेल तर आतलं सगळं रबर फुगलेलं मिळतं. असं दिसलं की एकही जुना वॉशर ठेवू नये. ज्या मॉडेलांना हवेची मदत आहे त्यांच्या टाकीतलं पाणी काढावं, टाकी आतून किती गंजली आहे ते बघावं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो की नाही याची खात्री करावी.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. गॅरेजमध्ये ड्रम उघडला की हवेच्या पाइपने धूळ उडवायची सवय आहे. ती सवय फुप्फुसांचा घात करते आणि त्याचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतो. धूळ पाण्याने भिजवून पुसावी, फडकं पिशवीत बांधून टाकावं, तोंडाला चांगला मास्क असावा आणि घरातली मुलं त्या वेळी जवळ नसावीत. नवे लायनर ॲस्बेस्टॉस नसलेले घेऊन रिव्हेट करून घ्यावेत. ड्रम लेथवर फिरवून घ्यावा, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल मापाच्या पुढे नाही.

चाकाचा धोका ब्रेकपेक्षाही जवळचा आहे. वीस इंची जुन्या रिमला बाजूने एक लोखंडी रिंग असते आणि तीच टायरला जागेवर धरते. ९.०० बाय २० च्या टायरमध्ये शंभर पौंडांच्या आसपास हवा भरली की त्या रिंगवर काही टनांचा जोर येतो. रिंग गंजली असेल, वाकली असेल किंवा दुसऱ्याच रिमची असेल तर ती सुटून गोळीच्या वेगाने बाहेर येते. पंक्चरच्या दुकानांत यामुळे माणसं मेली आहेत. अमेरिकेत १९८० पासून कामाच्या जागी अशा रिमना पिंजऱ्यासारख्या अडसरातच हवा भरण्याची सक्ती आहे. आपल्याकडे निदान रिमभोवती साखळी गुंडाळून, रिंग भिंतीकडे करून, लांब पाइपने आणि बाजूला उभं राहून हवा भरावी. चाक गाडीवरून काढण्याआधी व्हॉल्व्हची सुई काढून टायर पूर्ण रिकामा करावा, जोडचाकं असतील तर दोन्ही टायर. रिम आणि रिंगची जात जुळते की नाही याबद्दल जराही शंका असेल तर ती जोडी भंगारात घालावी. स्वतः करण्याची हौस इथे दाखवायची नाही.

जॅकबद्दलही तेवढंच ठाम सांगतो. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाऊ नये. घोड्या पक्क्या काँक्रीटवर लावाव्यात. मातीत लावायच्या तर खाली जाड लाकडी फळ्या हव्यात. पोकळ सिमेंटचे ब्लॉक कधीही वापरू नयेत, ते इशारा न देता फुटतात.

स्टिअरिंग आणि कमानपाटे हे घरचं काम आहे आणि मनाजोगतं आहे. किंगपिनचे बुश बदलून रीमर मारण्याचं काम तेवढं लेथवाल्याकडून करून आणावं. टाय रॉडचे गोळे, कमानीच्या पिना, शॅकल, सेंटर बोल्ट हे सगळं स्वतः होतं. फक्त पाट्यांचं बंडल सोडताना ते शिकंज्यात धरून सोडावं, कारण ताणलेला पाटा हात तोडतो.

आता इंजिन. जाम झालेलं डिझेल इंजिन बघून खचून जायचं कारण नाही. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावं, काही दिवस मुरू द्यावं आणि फ्लायव्हीलला टॉमी लावून दोन्ही दिशांनी हळूहळू हलवावं. स्टार्टर मारायचा नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन फिरलं, तरी खोलायचं की नाही हा निर्णय मोजमापावर घ्यावा : कॉम्प्रेशन किती, ऑइल प्रेशर किती, हेड पॅकिंगमधून पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात का. नुसत्या धुरावरून बोअरिंगचा खर्च ओढवून घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींना फक्त नोझलची दुरुस्ती पुरली असती.

खोलायचं ठरलं, तर इथे कामाची वाटणी होते. सोडवणं, धुणं, खुणा करणं, मोजणं आणि पुन्हा जोडणं हे आपलं. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग आणि व्हॉल्व्ह सीट हे यंत्रशाळेचं. क्रँक पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी घासली जाते आणि त्या मापाचे बेअरिंग मिळतात हे बघूनच तिला हात लावावा. बेअरिंग आधी हातात घ्यावेत, ग्राइंडिंग मागाहून. चारशे किलोंच्या आसपासचं इंजिन काढायला चेन ब्लॉक लागतो, आणि तो टांगायला घराच्या छताचा हुक चालत नाही. बोल्ट टॉर्क पान्याने आवळावेत. हाताच्या अंदाजाने आवळणारे थोर मेस्त्री होऊन गेले हे खरं, पण तो अंदाज हजार इंजिनांनंतर येतो.

फ्युएल पंप घरी उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बेंगळुरूच्या मायकोचे ते पंप मायक्रॉनच्या मापाने जुळवलेले असतात आणि टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन केल्याशिवाय सहा सिलिंडरना सारखं डिझेल जात नाही. पंप आणि नोझल पंपवाल्याकडेच द्यावेत. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात नोझल दोनशे बारच्या घरात उघडते. ती फवारणी हाताने तपासायला गेलेल्या माणसाच्या कातडीत डिझेल शिरतं. बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट सडत जातं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला सर्जनकडे जायचं.

पंपाचं आणखी एक दुखणं पहिल्या स्टार्टला समोर येतं. पन्नास-साठच्या दशकांतल्या कित्येक मर्सिडीज इंजिनांचा वेग आवरणारा गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालतो आणि त्यात चामड्याचा पडदा असतो. तो वाळून चिरला, किंवा आतला रॅक चिकटून बसला, तर इंजिन चालू होताच बेभान वेग घेतं आणि स्टॉपर ओढूनही थांबत नाही. तेव्हा हवा बंद करणं हाच उपाय. म्हणून पहिल्या स्टार्टला एअर क्लीनर काढून ठेवावा आणि एका माणसाने हवेच्या नळीचं तोंड झाकायला जाड सपाट फळी घेऊन उभं राहावं. हात किंवा फडकं लावायचं नाही; इंजिन ते ओढून घेतं. त्याआधी स्टॉपर ओढून नुसताच स्टार्टर फिरवावा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलला तरच पुढे जावं.

थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत आपल्या गॅरेजांचा एक जुना गैरसमज आहे : गरम देशात थर्मोस्टॅट कशाला? काढून फेकून देतात. गार चालणाऱ्या डिझेल इंजिनात इंधन पुरतं जळत नाही, ते भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि रिंगा लवकर झिजतात. इंजिन तापत असेल तर दोष बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये साठलेल्या गाळाचा आणि रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्यांचा असतो. ब्लॉकवरची पत्र्याची बुचं काढून आतला गाळ खरवडावा, रेडिएटर उघडून नळ्यांतून पट्टी फिरवून घ्यावी आणि नवा थर्मोस्टॅट बसवावा. साध्या विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट घालावं.

गिअरबॉक्स आणि हाऊसिंग (मागचं डिफरन्शियल) बहुधा आश्चर्यकारक चांगल्या स्थितीत निघतात. तेल बदलावं, ऑइल सील टाकावेत, पाणी शिरलं होतं का ते पाहावं, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग तपासावं. पितळी भाग असलेल्या गिअरबॉक्समध्ये हाऊसिंगचं तिखट तेल घालू नये. वायरिंग सगळं नवं ओढावं. उंदरांनी कुरतडलेल्या तारांना टेप गुंडाळून भागवणं म्हणजे आगीला बोलावणं. जुनी पेट्रोल गाडी असेल तर वीस टक्के इथेनॉलचं हल्लीचं पेट्रोल तिच्या रबरी नळ्या आणि बुचाची पॅकिंग खातं. ती बदलल्याशिवाय टाकी भरू नये.

सुटे भाग मिळतात का? टाटाचे मिळतात, कारण ९७ मिलिमीटर बोअरची सहा सिलिंडरची ती इंजिनं बसमध्ये, ट्रकमध्ये आणि जनरेटरवर वर्षानुवर्षं चालली. पर्किन्सचेही बरेच मिळतात. डॉज आणि बेडफर्डसाठी मुंबईत ऑपेरा हाऊसचा आणि कुर्ल्याचा बाजार, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट असं हिंडावं लागतं. नमुना हातात घेऊन जावं. फोनवर सांगितलेलं माप फसवतं. जे मिळत नाही ते घडवून घेता येतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामापासून गिअर कापण्यापर्यंतची परंपरा अजून जिवंत आहे, आणि एकच नग करून देणारे कारागीर तिथे भेटतात. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र ओळखीच्या कंपनीचे नवेच घ्यावेत, घडवून घेऊ नयेत.

भागांपेक्षा दुर्मिळ होत चालली आहेत ती माणसं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर एसटी ही या ज्ञानाची सर्वांत मोठी शाळा होती. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, आणि पुढच्या दशकांत डेपो-डेपोंत व दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळांत लेलँड आणि टाटाची तीच इंजिनं अखंड उघडली-जोडली गेली जी ट्रकांत होती. तिथून निवृत्त झालेले मेकॅनिक, फिटर, बॉडी बांधणारे सुतार आज सत्तरी-ऐंशीत आहेत. गव्हर्नरचा पडदा कसा तपासायचा, व्हॉल्व्हची गॅप गरम इंजिनात घ्यायची की गार, हाऊसिंगचा आवाज पिनियनचा की बेअरिंगचा, हे त्यांच्या कानात आणि बोटांत आहे. आपल्याकडे मॅन्युअल फार थोडी उरली आहेत. अशा एखाद्या काकांना आठवड्यातून एक दिवस खुर्ची टाकून बसवावं, योग्य मानधन द्यावं, आणि ते सांगतील ते लिहून व चित्रित करून ठेवावं. माझ्या लेखी हे काम ट्रक चालू करण्याइतकंच मोलाचं आहे.

शेवटी कायदा, कारण त्यावर सगळं अडतं. ट्रकला हात लावण्याआधी आरसी आपल्या नावावर झाली पाहिजे. जुना कर, बँकेचा बोजा, चेसिस नंबर जुळतो का, नोंदणी आधीच रद्द झालेली आहे का, हे आरटीओत जाऊन पाहावं. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मनाप्रमाणे फेरफार करू देत नाही. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी अशी ती सोय आहे. पण ती खाजगी, बिगर-व्यावसायिक वापराच्या दुचाकी-चारचाकींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली आणि त्यात चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. मालवाहू म्हणून जन्मलेला, तीन वेळा बॉडी आणि दोनदा इंजिन बदललेला ट्रक तिथे बसत नाही. मग त्याला उरतं एक तर व्यावसायिक गाडीचं फिटनेस, ज्याचे निकष आणि शुल्क वयाबरोबर कडक होत जातात, किंवा खाजगी आवारातलं आयुष्य.

परिवहन मंत्रालयाने या नियमात पन्नास वर्षांवरच्या, माल न वाहणाऱ्या जुन्या ट्रक आणि बसांसाठी एक स्वतंत्र वर्ग जोडावा. त्यांना वर्षातून ठरावीक दिवस, रिकाम्या अवस्थेत आणि ब्रेकची कसून तपासणी करून रस्त्यावर येऊ द्यावं. ते होईपर्यंत ज्यांच्या अंगणात असा ट्रक उभा असेल त्यांना एवढीच विनंती : तो भंगारवाल्याला दाखवण्यापूर्वी आरसी शोधून जपून ठेवा, नोझलच्या जागी तेल सोडा, इंजिनवर ताडपत्री टाका आणि गावातला एसटीचा जुना मेकॅनिक कोण आहे याची चौकशी आजच करा.